कर्कपेशी, औषध आणि किरण
(गणेशोत्सवातील भाषणाचा सारांश)



पेशी दुभंगण्यापूर्वी आपल्या डीएनएची नक्कल करते. कर्कपेशीत हे काम बेलगाम चालते. उपचाराचा घाव तिथेच बसतो. मेथोट्रेक्सेट डीएनएच्या विटा घडू देत नाही, तर कोबाल्ट-६० चे किरण त्याचे दोन्ही धागे तोडतात. मुंबईत डॉ. कमल रणदिवे यांनी १९६० च्या दशकात पेशी काचपात्रात वाढवण्याची देशातली पहिली प्रयोगशाळा उभारली.

केसांच्या मुळाशी पेशी भराभर वाढतात, म्हणून केस गळतात. बहुधा पुन्हा येतात. निरोगी पेशी मोडतोड दुरुस्त करते, कर्कपेशीला ते तितके जमत नाही. म्हणूनच किरण थोडे थोडे, औषध ठरावीक अंतराने. मध्येच सोडले तर उरलेल्या पेशी पुन्हा फोफावतात. बोरसीकरांना मी एवढेच विनवीन : शेजारी कुणी आजारी असेल, तर उपचार पुरा करायला बळ द्या.

गणपती बाप्पा मोरया!