क्रीममधलं पाणी

लोशनच्या बाटलीवरची यादी वाचा. पहिलं नाव बहुधा पाण्याचंच. मुख्य घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापतात, म्हणजे सर्वाधिक वाटा त्याचाच. मग आपण पाण्याचेच पैसे मोजतो का? थोडेफार, हो! पण ही नुसती भरती नव्हे. निव्वळ ग्लिसरीन चिकट लागतं. पाण्यात मिसळलं की सहज पसरतं. तेल आणि पाणी इमल्सिफायरने एकजीव झाल्यावरच क्रीम हलकं होतं. नळाचं पाणी मात्र चालत नाही, कारण कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार मिश्रण फोडू शकतात. पाण्यामुळे जंतू वाढतात, म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह घालावं लागतं, हा आक्षेप खराच. पेट्रोलियम जेलीला ती गरज सहसा नसते. पण ती त्वचेला पाणी देत नाही, असलेलं फक्त अडवून धरते. म्हणून ती ओलसर त्वचेवरच लावावी.