राजकारण आणि राजकीयीकरण
(व्याख्यानाचा संपादित अंश)



'कृपया या विषयाचे राजकारण करू नका,' हे वाक्य आपण नित्य ऐकतो. ते बहुधा सत्तेवर असलेला बोलतो. निवडणुकीनंतर जागा पालटल्या की तेच वाक्य दुसऱ्याच्या मुखी जाते. ज्या शब्दाची आपण शिवी केली, त्याचे कुळ मात्र थोर आहे. समर्थांनी दासबोधाच्या अकराव्या दशकातील पाचवा समास राजकारणालाच वाहिला आहे. माणसे ओळखणे, ती राखणे आणि धीर न सोडता कार्य तडीस नेणे, असा तो विचार आहे.

आता शब्दाची घडण पाहा. राजकारण, समाजकारण, अर्थकारण यांत 'कारण' आहे. म्हणजे कार्य, व्यवहार. शुद्धीकरण, राष्ट्रीयीकरण यांत 'करण' आहे. जे मुळात तसे नव्हते, ते तसे करणे. म्हणून ज्याला दोष द्यायचा, ते राजकारण नव्हे, राजकीयीकरण. एका कान्याचा हा भेद विसरल्यामुळेच घोटाळा होतो.

1896 च्या दुष्काळाचे उदाहरण घ्या. लोकमान्यांच्या प्रेरणेने पुण्याच्या सार्वजनिक सभेचे कार्यकर्ते गावोगाव गेले. पीक बुडाले असेल तर साऱ्याची सूट वा तहकुबी मागता येते, सरकारचाच नियम तसे सांगतो, हे त्यांनी शेतकऱ्याला समजावले. सरकारला ही चिथावणी वाटली आणि 1897 मध्ये सभेची मान्यता काढून घेण्यात आली. परंतु सारा घेणारे सरकार, नियम करणारे सरकार. मग तो प्रश्न राजकीय नव्हता कधी? जो मुळातच राज्याचा प्रश्न आहे, त्याचे राजकीयीकरण होऊच शकत नाही.

उलट, पूरग्रस्ताच्या शिध्यावर नेत्याचे छायाचित्र छापणे, किंवा मत कोणाला दिले हे पाहून मदत वाटणे, हे खरे राजकीयीकरण. तेथे भूक राज्याची जबाबदारी न राहता पक्षाचे भांडवल होते.

तेव्हा यापुढे ते वाक्य कानी पडले की दोन प्रश्न विचारावेत. हा विषय राज्याच्या कर्तव्यात येतो काय? आणि बोलणाऱ्याला उत्तर हवे आहे की केवळ मते? सत्ता आपल्याला प्रिय असलेल्यांची असो वा अप्रियांची, प्रश्न हेच राहिले पाहिजेत. कसोटी माणूस पाहून बदलली, तर ते राजकीयीकरण आपण स्वतःच केलेले असेल.