लेकुरवाळ्या कुटुंबाची तीर्थयात्रा

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे लेखरूप)



‘तीर्थ’ या शब्दाचा मूळ अर्थ पाण्यातून पलीकडे उतरून जाण्याची जागा, म्हणजेच घाट, असा आहे. तीर्थंकर भगवंतांनी स्थापिलेल्या मुनी, आर्यिका, श्रावक व श्राविका या चतुर्विध संघालाही तीर्थ म्हटले जाते. या चार घटकांत बालकाचे नाव स्वतंत्रपणे येत नाही. ते श्राविकेच्या कडेवर बसून आणि श्रावकाचे बोट धरून या तीर्थात प्रवेश करते. म्हणून लहान मुलांसह निघालेल्या कुटुंबाची यात्रा कशी असावी, हा विचार केवळ प्रवासातील सोयी-गैरसोयींचा नाही. तो गृहस्थधर्माचा विचार आहे.

श्री सम्मेदशिखरजीची वंदना आयुष्यात एकदा तरी घडावी, ही प्रत्येक जैन कुटुंबाची मनीषा असते. झारखंड राज्यातील गिरिडीह जिल्ह्यातील या पर्वतावरून वीस तीर्थंकर मोक्षास गेले. मधुबन येथून नऊ किलोमीटर चढ, शिखरावरील टोंकांची नऊ किलोमीटर परिक्रमा आणि नऊ किलोमीटर उतार, अशी ही सत्तावीस किलोमीटरची वंदना आहे. यात्रेकरू मध्यरात्रीनंतर अनवाणी निघतात. अनेकजण परत येईपर्यंत अन्नपाणीही घेत नाहीत. प्रौढ माणसाच्या श्रद्धेची जेथे कसोटी लागते, तेथे तान्ह्या बाळाचे काय करावयाचे? या प्रश्नाला घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या एकच उत्तर मिळत आले : ‘आई बाळाला घेऊन खाली थांबेल.’

या संदर्भात सांगली परिसरातील एका कुटुंबाची हकिगत सांगण्याजोगी आहे. पती-पत्नी, सहा वर्षांचा मुलगा, दहा महिन्यांची मुलगी आणि आजी अशी पाच माणसे एका संघाबरोबर शिखरजीला गेली होती. दोन रात्रींच्या रेल्वेप्रवासाने मुले कंटाळली होती. मधुबनच्या धर्मशाळेत सामान लावताना सुनेने न सांगताच बाळाची दुपटी वेगळी काढून ठेवली. पहाटे सारे वर जाणार आणि आपण खोलीत राहणार, हे तिने गृहीतच धरले होते. ते पाहून आजी म्हणाल्या, “पोरी, तुझ्या नवऱ्याला मांडीवर घेऊन मी याच मधुबनात तीन दिवस बसून होते. अंगणातून पहाडाला हात जोडले आणि परत फिरले. ती रुखरुख चाळीस वर्षं माझ्यासोबत आहे. ती तुझ्या पदरात घालायला मी आले नाही. आज माझा लेक जाईल, उद्या आपण दोघी जाऊ.”

त्याप्रमाणे पहिल्या दिवशी मुलाला घेऊन वडील निघाले. गंधर्वनाला मागे पडला, तोपर्यंत मुलगा उत्साहात होता. सीतानाल्याच्या पुढे तो एका दगडावर बसला. त्याचे पाय दुखत होते, त्याला मळमळत होते आणि तो रडतही नव्हता. सोबतचे म्हणाले, “एवढ्या लांब आलात, आता थोड्यासाठी यात्रा मोडू नका. कुणाच्या तरी खांद्यावर द्या त्याला.” वडिलांनी शिखराच्या दिशेने पाहून नमस्कार केला, मुलाला पाणी पाजले, पाठीवर घेतले आणि ते उतरू लागले. दुसऱ्या दिवशी आजी डोलीत व सूनबाई पायी अशा दोघी भगवान पार्श्वनाथांच्या टोंकेपर्यंत वंदना करून आल्या. त्या दिवशी बाळाला मऊ खिचडी भरवणे, झोपवणे, दुपटी धुणे ही सारी कामे वडिलांनी केली. गावी परतल्यावर कुणीतरी विचारले, “वंदना पूर्ण झाली का?” मुलगा खाली मान घालून उभा राहिला. तेव्हा आजी उत्तरल्या, “आमच्या घराची पूर्ण झाली. निम्मी वर झाली, निम्मी खाली.”

या उत्तरात बालकांसह करावयाच्या यात्रेचे मर्म आहे. अहिंसेचे पालन करताना पायाखालच्या मुंगीला जपणाऱ्या माणसाने स्वतःच्या अपत्याच्या थकव्याकडे पाठ फिरवणे, ही विसंगती होय. जैन परंपरेने बालकाला आठ वर्षांनंतरच व्रतग्रहणास पात्र मानले आहे. तोपर्यंत नियम पालकांचे असतात, बालक केवळ त्या वातावरणात वाढत असते. आईवडिलांचा उपवास हा त्यांचा पुरुषार्थ आहे. मुलाला उपाशी ठेवून चढवणे हा त्याचा पुरुषार्थ होऊ शकत नाही.

यात्रेची सिद्धता करताना आरोग्याचे साधे नियम ध्यानात ठेवावेत. सहा महिन्यांपर्यंतच्या बाळास केवळ आईचे दूध पुरेसे असते, त्याला वरचे पाणीही लागत नाही. त्याहून मोठ्या मुलांसाठी उकळून गाळलेले पाणी बरोबर असावे. जैन घरांतील ही चाल प्रवासात औषधाइतकीच उपयोगी पडते. जुलाब झाल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून ते घोटघोट पाजत राहावे. तोंड कोरडे पडणे, रडताना अश्रू न येणे, लघवी कमी होणे, मूल मलूल होणे ही लक्षणे दिसताच पुढचा कार्यक्रम रद्द करून डॉक्टरांकडे जावे. सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम मुलांच्या झोपेला अनुकूलच आहे. मात्र गाडी उशिरा पोहोचेल हे गृहीत धरून दशम्या, खाकरे, लाह्या असा कोरडा शिधा दिवसाउजेडी हाताशी असावा. रेल्वेत पाच वर्षांखालील मुलास तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलासाठी स्वतंत्र बर्थ हवा असल्यास 2016 पासून पूर्ण भाडे पडते. तेथे काटकसर करू नये, कारण रात्रीची झोप हीच दुसऱ्या दिवशीची शक्ती असते.

त्याचप्रमाणे यात्रेलाही पायऱ्या असाव्यात. कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज-बाहुबली हे क्षेत्र आपल्या भागातील मुलांना एका दिवसात घडते. तेथे 1963 साली प्रतिष्ठापित झालेली बाहुबली स्वामींची 28 फुटी संगमरवरी मूर्ती दुरूनच बालकाचे लक्ष वेधून घेते. त्यानंतरची पायरी श्रवणबेळगोळची. तेथील विंध्यगिरीच्या सुमारे साडेसहाशे पायऱ्या अनवाणी चढाव्या लागतात आणि दुपारी कातळ तापतो. म्हणून मुलांसह सकाळीच निघावे व थांबत थांबत चढावे. वर 57 फूट उंचीच्या गोमटेश्वराच्या पायांशी देवनागरी लिपीत कोरलेली ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ ही अक्षरे आहेत. नुकतेच वाचू लागलेले मराठी मूल परक्या भाषेच्या प्रदेशात, त्या उंचीवर, आपल्याच भाषेच्या जुन्या रूपापुढे उभे राहते. वडिलांनी एकेक अक्षर जुळवून दाखवले, तर ते दर्शन मुलाच्या आयुष्यभर स्मरणात राहील.

त्याच ठिकाणी गुळ्ळिकायज्जीची मूर्ती आहे. चावुंडरायाने घडे ओतूनही अभिषेकाचे दूध मूर्तीच्या चरणांपर्यंत पोहोचेना, आणि एका वृद्धेने लहानशा पात्रातून आणलेल्या दुधाने मात्र संपूर्ण अभिषेक घडला, अशी कथा परंपरेने जपली आहे. अल्प, पण भावपूर्ण असे जे काही असेल, त्याचे मोल सांगणारी ही कथा मुलांना तेथेच बसवून सांगावी. मुलाने वाहिलेल्या चार अक्षता आणि चढलेल्या चाळीस पायऱ्या याच मापाने मोजाव्यात.

आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने आपल्या धर्मात सांगितली आहेत. प्रवासात आईवडील पहिली दोन दाने सहज देतात, कथा सांगून तिसरेही देतात. चौथे मात्र अवघड आहे. ‘थकलास तर सांग, आपण परत फिरू, त्याने कुणाचे पुण्य कमी होणार नाही’ असा विश्वास मुलाला देणे, हे त्याला दिलेले अभयदान आहे.

सांगलीकडच्या त्या कुटुंबातील मुलगा पुढे महाविद्यालयात गेल्यावर मित्रांसमवेत शिखरजीला जाऊन आला. सत्तावीस किलोमीटरची वंदना पूर्ण करून त्याने मधुबनातून घरी दूरध्वनी केला. वडिलांशी बोलताना तो टोंकांविषयी फार काही बोलला नाही. सीतानाल्यापुढचा तो दगड सापडला नाही, एवढेच त्याने सांगितले. पुढच्या वर्षी वडिलांना घेऊन तो पुन्हा निघाला. या वेळी चाल वडिलांची होती, आणि थांबण्याची घाई कुणालाच नव्हती.

जय जिनेंद्र.