न मोजता येणाऱ्या माशांचा हिशेब



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. त्यातून मुंबईचा समुद्र आपल्या नंदनवनाहून सातशे-आठशे किलोमीटर दूर. तरी आज मी समुद्रातील माशांविषयी दोन शब्द बोलणार आहे. कारण हा प्रश्न मुळात आपल्या संसारातलाच आहे. कोठीत धान्य किती उरले ते दिसत नसेल, तर रोज किती काढावे?

समुद्रात उतरून मासे कोणी मोजू शकत नाही. 1947 साली स्थापन झालेली केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्था शितावरून भाताची परीक्षा करते. तिची माणसे निवडक बंदरांवर, निवडक दिवशी उतरलेली मासळी पाहतात आणि त्यावरून साऱ्या किनाऱ्याचा अंदाज बांधतात. पण आपल्याकडे एकाच जाळ्यात अनेक जातींची मासळी येते. थंड समुद्रातल्या माशांचे वय त्यांच्या कानातल्या खड्यावरील वलयांवरून ओळखतात. आपल्या उबदार पाण्यात ती वलये तितकी स्पष्ट उमटत नाहीत. तेव्हा कोठीचा तळ कोणालाच नीट दिसत नाही.

मग पुरती माहिती हाती येईपर्यंत उपसा चालूच ठेवावा काय? कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावर कॉड माशाचे अंदाज चुकले. मासा संपत आल्यावर जुलै 1992 मध्ये सरकारला ती मासेमारी बंद करावी लागली आणि सुमारे 30,000 लोकांचा रोजगार बुडाला. दोन वर्षांसाठी म्हणून घातलेली बंदी उठायला 2024 साल उजाडले. शास्त्रज्ञ असलेल्या देशाची ही गत!

भगिनींनो, शहाणी बाई तळ दिसत नसला की हात आखडता घेते आणि बियाण्याला तर मुळीच हात लावत नाही. आपल्या कोळी बांधवांनी हेच केले. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढायच्या आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून मगच दर्यावर जायचे, ही त्यांची जुनी रीत. पावसाळा हा पुष्कळ माशांचा अंडी घालण्याचा काळ. पुढे 1981 साली महाराष्ट्रात सागरी मासेमारीचा कायदा झाला. आता 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते.

पापलेट तर सप्टेंबर 2023 मध्ये आपला राज्यमासा ठरला. पालघर जिल्ह्यातील सातपाटीचे मच्छीमार कोवळ्या पापलेटची मारणी थांबवा म्हणून कित्येक वर्षे सांगत होते. त्याच वर्षी सरकारने 54 जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली: पापलेट 135 मिलीमीटर, बांगडा 140, बोंबील 180, सुरमई 370. याहून लहान मासा धरू नये. समुद्रात मासे किती, हे ठाऊक नसतानाही हा नियम पाळता येतो. त्याला प्रयोगशाळा लागत नाही, पट्टी पुरते.

नियमात अडचणी आहेत, हेही सांगितले पाहिजे. जाळ्यात लहानमोठे एकत्रच येते आणि वर येईतो पुष्कळसे मेलेले असते. म्हणून जाळ्याचे आसच मोठे हवेत. बंदीच्या दोन महिन्यांत कोळणीची चूल कशी पेटते, याचाही विचार हवा. शिवाय आज ठरवलेली लांबी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. माहिती वाढेल तशी ती बदलावी. सावधपणे सुरुवात करावी आणि अनुभवाने सुधारत जावे, एवढेच माझे म्हणणे.

आपल्यापैकी पुष्कळजणी मासे खात नाहीत, हे मी जाणते. पण ज्या खातात, त्यांच्याकडे बर्फातून येणारा पापलेट पोहोचतोच. तो सव्वापाच इंचांहून लहान असेल तर स्वस्त मिळाला तरी घेऊ नका आणि विकणाऱ्या बाईला कारणही गोडीने सांगा. गिऱ्हाईक नाही म्हटले की पिल्लांचा भाव पडतो, आणि भाव पडला की ती धरायचा मोहही कमी होतो. समुद्र लांब असला तरी इतके आपल्या हाती आहे.