गोळी रात्रीची, हिशेब सकाळचा



डॉक्टर आणि केमिस्ट यांची एरवीची भेट चिठ्ठीवरच्या अक्षरातून होते, तीही अक्षर लागले तर. आज दोघे समोरासमोर आहेत, आणि विषय आहे झोपेच्या गोळ्यांचा.

झोल्पिडेमचेच घ्या. अमेरिकेत १९९२ साली मान्यता मिळाली तेव्हा स्त्री असो वा पुरुष, मात्रा एकच होती: १० मिलिग्रॅम. स्त्रियांच्या शरीरातून हे औषध सावकाश बाहेर पडते. सकाळी गाडी चालवायला बसलेल्या बाईच्या रक्तात ते घातक ठरेल इतके उरलेले असू शकते. तिथल्या औषध प्रशासनाने स्त्रियांची मात्रा निम्म्यावर, ५ मिलिग्रॅमवर आणली ती थेट जानेवारी २०१३ मध्ये. वीस वर्षे निम्म्या लोकसंख्येचा हिशेब चुकत होता!

२०१९ मध्ये त्याच प्रशासनाने झोल्पिडेम आणि त्याच्या दोन भावंडांच्या वेष्टनावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. झोपेतच उठून चालणे, गॅस पेटवणे, गाडी काढणे अशा ६६ गंभीर घटना नोंदल्या गेल्या होत्या. त्यांत २० मृत्यू. काहींनी तर गोळी पहिल्यांदाच घेतली होती.

आपल्याकडे १ मार्च २०१४ पासून झोल्पिडेम, अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम ही औषधे शेड्यूल एच-वनमध्ये आहेत. डॉक्टरांचे नाव, रुग्णाचे नाव, किती गोळ्या दिल्या, सारे वेगळ्या नोंदवहीत लिहायचे आणि ती वही तीन वर्षे जपायची.

कायदा चोख आहे. काउंटरवर मात्र स्ट्रिपचा कापलेला तुकडा येतो आणि 'बाबांची नेहमीचीच द्या' एवढीच मागणी असते. बाबा पंचाहत्तरीचे, रात्री लघवीला उठताना तोल गेला की खुब्याचे हाड मोडते. गोळी एकदम थांबवावी, तर बरेच दिवस अल्प्राझोलाम घेणाऱ्याला झटके येऊ शकतात. चिठ्ठीवर किती दिवस हे लिहिलेले नाही, आणि विचारायला काउंटरवर सवड नाही. यात दोष एकट्या दुकानदाराचा नाही, हे स्वागत समिती स्पष्टच सांगते.

म्हणून सकाळचे सत्र गोळी टप्प्याटप्प्याने कमी करण्यावर आहे. दुपारी निद्रानाशावरच्या वर्तनोपचाराची चर्चा होईल. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये गोळीच्या आधी त्याचीच शिफारस केली. एच-वन नोंदवहीचे नमुने प्रवेशद्वाराजवळच्या टेबलावर आहेत. डॉक्टरांनीही ते जरूर चाळावेत.