सर्व्हरच्या खोलीतली कांदाचाळ



कवी माणूस विजेच्या बिलावर काय बोलणार, असं तुम्हाला वाटेल. पण कवितेवर माझं घर कधी चाललं नाही. मराठी घेऊन बी.ए. झालो आणि सातपूरच्या एका कारखान्यात हिशेब खात्यात कारकून म्हणून लागलो. दर महिन्याला विजेचं बिल माझ्या टेबलावर यायचं. मी आकडे पडताळायचो, शिक्का मारायचो आणि साहेबांच्या सहीला पाठवायचो. किती युनिट जळली ते मला पाठ असे. ती कुठं जळली, हे मात्र मी इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

२००९ साली मंदीची झळ आमच्यापर्यंत आली. ऑर्डरी घटल्या. खर्चकपातीची यादी करायचं ठरलं आणि ती टाइप करायचं काम माझ्याकडे आलं. पहिलं कलम, दुपारचा चहा बंद. दुसरं, जेवणाच्या सुट्टीत पंखे बंद. तिसरं, कंत्राटी सफाई कामगारांपैकी चार जण कमी. ती चार नावं मीच टाइप केली. त्यांतली एक बाई रोज सकाळी माझं टेबल पुसून जायची. जून महिन्यात ते चौघं गेले.

त्या यादीत एक खोली नव्हती. दुसऱ्या मजल्यावरची, काचेच्या दाराची, कायम कुलूपबंद असलेली. तिला सगळे सर्व्हर रूम म्हणत. आजच्या भाषेत छोटंसं डेटा सेंटर. कारखान्याचा पगार, स्टोअरचा माल, ईमेल, ड्रॉइंग, सगळं तिथल्या संगणकांवर. आत तीन एसी दिवसरात्र चालत. दाराशी खिळ्याला एक स्वेटर टांगलेला असायचा. सिस्टिम बघणारा मुलगा आत जाताना तो घालायचा, मे महिन्यातसुद्धा. आम्ही त्याची थट्टा करायचो. पण या गारठ्याचे पैसे कोण भरतंय, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. ती खोली म्हणजे देव्हारा. देव्हाऱ्याला कोण हिशेब विचारणार?

विचारला तो आमच्या वायरमन अण्णांनी. अण्णा निफाड तालुक्यातले. घरी तीन एकर शेती, कांदा आणि थोडी द्राक्षं. ऑगस्टमध्ये त्यातला एक एसी बिघडला, म्हणून त्यांना त्या खोलीत जावं लागलं. बिलाशी पडताळायला म्हणून मीही बरोबर गेलो. अण्णांनी एसीकडे पाहिलंच नाही. ते संगणकांच्या दोन रांगांमधून हात पुढं धरून चालत राहिले. पुढं हात, मागं हात. मग म्हणाले, ‘‘भाई, अशी चाळ बांधली तर माझा कांदा पंधरा दिवसांत सडेल.’’

कांदाचाळ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. जमिनीपासून वर उचललेली, खालून हवा आत यायला मोकळी जागा, बाजूंना फटी. खालून गार हवा शिरते, कांद्याची ऊब घेते आणि वर निघून जाते. थर फार उंच रचला किंवा फटी बुजल्या, की मधला कांदा तापतो आणि सडायला लागतो. अण्णांचं म्हणणं साधं होतं. कांद्याला गारठा लागत नाही, वारा लागतो. आणि गेलेला गरम वारा परत आत येता कामा नये.

संगणकाचंही तेच असतं. त्यात जेवढी वीज जाते, तेवढी सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. तो पुढून गार हवा ओढतो आणि मागून गरम हवा सोडतो. आमच्या खोलीत दोन्ही रांगांची तोंडं एकाच दिशेला होती. म्हणजे पहिल्या रांगेचा गरम श्वास थेट दुसऱ्या रांगेच्या तोंडात. त्यातून कपाटांत मधेमधे रिकामे खण. त्या भोकांतून मागची गरम हवा पुन्हा पुढं यायची. दुसरी रांग तापते म्हणून एसी आणखी खाली, अठरावर, सोळावर. थंडी वाढवायची आणि तीच थंडी गरम हवेत ओतायची. एकीकडे नळ सोडून दुसरीकडे भोक पडलेली बादली भरावी, तसला प्रकार.

मग आम्ही कामाला लागलो. अण्णा, सिस्टिमवाला मुलगा आणि मी. अण्णांनी रिकाम्या खणांवर खोक्यांचे पुठ्ठे लावले. तो मुलगा घाबरून म्हणाला, ‘‘अण्णा, इथं पुठ्ठा नको. धूळ होते आणि आगीची भीती.’’ बरोबर होतं त्याचं. मग शॉपमधले पत्र्याचे तुकडे मापानं कापून बसवले. दिवाळीच्या सुट्टीत कारखाना बंद असताना दुसरी रांग उलटी फिरवली. आता दोन्ही रांगा समोरासमोर. मधे गार हवेची गल्ली, बाहेरच्या बाजूंना गरम हवेची. मग एसी एकेक अंश वर न्यायला सुरुवात केली. एक अंश वर न्यायचा, दोन दिवस थांबायचं, संगणकाच्या तोंडाशी टांगलेला तापमापक बघायचा.

या तोंडाशी असलेल्या आकड्याला महत्त्व आहे. एसीच्या रिमोटवर काय दिसतं त्याला नाही. अमेरिकेतल्या वातानुकूलन अभियंत्यांची ‘ॲश्रे’ नावाची संस्था आहे. २००८ पासून तिची शिफारस आहे, की संगणकात शिरणारी हवा १८ ते २७ अंश असली तरी चालते. म्हणजे स्वेटरची गरज माणसालाही नाही आणि यंत्रालाही नाही.

दुसरं काम मला जास्त शिकवून गेलं. त्या मुलानं सगळ्या यंत्रांची यादी केली. कुठलं यंत्र, कुठल्या कामाचं, कोण वापरतं. चार यंत्रांपुढं शेवटचा रकाना कोराच राहिला. त्यांतलं एक जुन्या पगारपत्रकाचं होतं. नवी पद्धत येऊन तीन वर्षं झाली होती, पण जुनं कुणी बंदच केलं नव्हतं. निवृत्त झालेल्या, काही तर जग सोडून गेलेल्या माणसांची नावं पोटात घेऊन ते रात्रंदिवस गरम होत होतं. सगळी माहिती दुसरीकडे उतरवून घेतली आणि ती चारही यंत्रं बंद केली. महिनाभर वाट पाहिली. कुणाचा फोन आला नाही.

रिकामं बसलेलं यंत्र काही खात नाही, असा आपला समज असतो. गूगलच्या लुईस बारोसो आणि उर्स होल्झले या दोघांनी २००७ साली एका लेखात दाखवलं होतं, की त्या काळचा सर्व्हर काही काम करत नसतानाही पूर्ण कामाच्या वेळच्या जवळपास निम्मी वीज खातो. आजची यंत्रं सुधारली आहेत, तरी रिकामी बसून फुकट कुणीच राहत नाही. म्हणूनच आता एका मोठ्या यंत्रात अनेक छोट्या यंत्रांची कामं एकत्र घालतात. पंख्यांचंही गणित असंच आहे. पंख्याचा वेग शंभरावरून ऐंशीवर आणला, तर त्याला लागणारी वीज जवळजवळ निम्म्यावर येते. ऐकून मला खरं वाटलं नव्हतं. अण्णांनी मीटर लावून दाखवलं.

डिसेंबरपर्यंत तीनपैकी एक एसी बंद करून राखीव ठेवता आला. बिल उतरलं. साहेबांनी अण्णांच्या पाठीवर थाप मारली. मी मात्र त्या दिवशी जूनची यादी फाइलमधून काढून पाहिली. ते चौघं गेले त्याला सहा महिने झाले होते. त्यांना परत बोलवा, असं मी साहेबांना म्हणालो. ‘‘बघू,’’ ते म्हणाले. एकाला बोलावलं. माझं टेबल पुसणारी बाई तोवर गाव सोडून गेली होती.

त्या दिवसापासून एक गोष्ट मनात बसली आहे. आम्ही आधी माणसं मोजली आणि मग यंत्रं. क्रम उलटा हवा होता. माणसाला हात जोडून विनंती करता येते, तो समोर दिसतो, म्हणून त्याच्यावर आधी कात्री चालते. कुलपातली उधळपट्टी कुणाला दिसत नाही. आणि ती दाखवणारं बिल तर दर महिन्याला माझ्याच हातातून जात होतं.

आमची खोली पंधरा बाय वीस फुटांची. आज अशा खोल्यांच्या मोठाल्या इमारती झाल्या आहेत. ऐरोली, महापे, रबाळे, पनवेल या पट्ट्यात त्या पाहायला मिळतात. २०१८ साली रिझर्व्ह बँकेनं पैशांच्या देवघेवीची माहिती भारतातच साठवायचा आदेश दिला. मोबाइलवरून पैसे देणं वाढलं, आणि आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ साली जगातल्या डेटा सेंटरनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली. जगातल्या एकूण विजेच्या दीड टक्का. २०३० पर्यंत हा आकडा दुपटीच्या पुढं जाईल, असं त्याच संस्थेचं म्हणणं आहे.

या क्षेत्रात उधळपट्टी मोजायचं एक माप आहे, पीयूई. गणित चौथीतल्या मुलाला येईल असं. इमारतीत आलेली एकूण वीज भागिले संगणकांना पोचलेली वीज. उत्तर दोन आलं, तर संगणकाच्या एका युनिटमागे आणखी एक युनिट थंडाव्यात, दिव्यांत आणि यूपीएसमध्ये जातं. अपटाइम इन्स्टिट्यूटच्या पाहणीत २००७ साली ही सरासरी अडीच होती. २०२४ साली ती १.५६ निघाली. गूगलसारख्या कंपन्या आपलं माप १.१ च्या आसपास असल्याचं सांगतात. अण्णांचंच शास्त्र, मोठ्या प्रमाणावर. गार आणि गरम हवा वेगळी ठेवा, गरजेपुरतंच गार करा, रिकामं यंत्र बंद करा.

आपल्या नाशकातही सातपूरला ईएसडीएस कंपनीचं डेटा सेंटर आहे. त्यांच्या ‘एनलाइट’ या पेटंट मिळालेल्या पद्धतीत ग्राहकाला लागेल तशी संगणकाची ताकद आपोआप वाढते आणि काम संपलं की कमी होते. पैसे वापरापुरते. लग्नाला येणाऱ्या पाहुण्यांसाठी वर्षभर मांडव उभा ठेवायचा नाही, हाच त्यातला विचार. छोट्या कारखान्यानं स्वतःची खोली चालवायची की अशा ठिकाणी जागा घ्यायची, याचा हिशेब मांडताना विजेचं आणि एसीचं बिल त्यात धरायला विसरू नये.

एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. थंडावा स्वस्तात मिळवायचा एक मार्ग पाण्याचा आहे. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी सोडून आपण उन्हाळ्यात घर गार करतो, तेच तत्त्व. त्यानं वीज वाचते, पण पाणी वाफ होऊन जातं. गंगापूर धरणाच्या पाण्यावर शहर, शेती आणि कारखाने, सगळेच हक्क सांगतात. तिथं विजेची बचत पाण्याच्या खात्यावर टाकली, तर ती बचत नव्हे. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा किती उतरतो, हे दरवर्षी वर्तमानपत्रात येतं. ती बाहेरची थंड हवा नीट गाळून, ओलावा सांभाळून आत घेता आली, तर एसीला थोडी विश्रांती मिळते.

मग एखाद्या कार्यालयानं, पतसंस्थेनं, रुग्णालयानं उद्या सकाळी काय करावं? सर्व्हरच्या खोलीला स्वतंत्र मीटर लावावा. आधी मोजावं, मग बोलावं. प्रत्येक यंत्रापुढं कुणाचं तरी नाव लिहावं. ज्याला नाव नाही, ते नीट चौकशी करून बंद करावं. रिकाम्या खणांवर पत्रा लावावा. खोलीत जुनी खोकी, फाइली ठेवू नयेत. एकेक अंशानं तापमान वर न्यावं. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोचं सांगणं आहे, की घरच्या किंवा कचेरीतल्या एसीचा एक अंश वर नेला, तर त्याची सुमारे सहा टक्के वीज वाचते. म्हणून २०२० पासून नव्या एसीची मूळ सेटिंगच २४ अंशांवर येते. आणि हे सगळं करताना खोलीत वायरमनला बोलवावं, झाडणाऱ्या मावशींनाही विचारावं. कुठं गरम वारा अंगावर येतो, हे त्यांना आपल्या आधी ठाऊक असतं.

अण्णा तेव्हा एकदा म्हणाले होते, ‘‘भाई, तुमची ही खोली कधी अंधारात गेली नाही. माझ्या गावात शेताला रात्रीच लाइट मिळते. मी बारा वाजता बॅटरी घेऊन कांद्याला पाणी धरायला जातो.’’ ती भारनियमनाची वर्षं होती. एकलहऱ्याला कोळसा जळत होता, गोदावरीचं पाणी लागत होतं. तारेतल्या विजेवर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं. आमच्या सोळा अंशांतलं एखादं युनिट अण्णांच्या मोटारीचं नव्हतं, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

माझी अम्मी वजूसाठी एकच लोटा पाणी घ्यायची. नळ वाहत असला तरी. आम्ही हसलो की म्हणायची, नदीच्या काठावर बसलात तरी पाणी मोजून वापरायचं. तिनं डेटा सेंटर पाहिलं नव्हतं. पण त्या खोलीच्या दारावर काय लिहावं, असं मला कुणी विचारलं, तर मी अम्मीचं वाक्य सांगेन.

अण्णा आता निवृत्त झालेत. उन्हाळ्यात कधी भेटले तर पिशवीभर कांदे देतात आणि विचारतात, ‘‘वारा खेळतोय ना तुमच्या खोलीत?’’

तुमच्या कचेरीतही अशी एखादी कुलूपबंद खोली असेल. उद्या तिचं दार उघडून एकदा आत हात धरून बघा.