धुक्यातले पाणी
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



पाण्याची किंमत काय असते हे इथे बसलेल्या आया-बहिणींना मी सांगायला नको. म्हणून आज एका दूरच्या डोंगरावरची गोष्ट सांगतो. पटली तर घ्या.

आफ्रिकेत मोरोक्को नावाचा देश आहे. त्याच्या दक्षिणेला सिदी इफ्नीजवळच्या कोरड्या डोंगरांत अमाझिग शेतकरी राहतात. थोडी बार्ली पिकवायची, शेळ्या राखायच्या, असा त्यांचा संसार. पाऊस बेभरवशाचा. विहिरीवरून पाणी आणायचे काम बायकांचे आणि मुलींचे. त्यात दिवसाचे तीन-तीन तास जायचे. मग शाळा कुठली आणि विसावा कुठला?

पण त्याच डोंगरांवर समुद्राकडून दाट धुके येते. धुके म्हणजे तरी काय? पाण्याचे अगदी बारीक थेंबच. वारा येतो त्या बाजूला दोन खांबांमध्ये जाळी आडवी ताणायची. धुके जाळीतून जाताना थेंब धाग्यांना चिकटतात, एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि खालच्या पन्हळीत ओघळतात. तिथून टाकीत आणि उतारावरून पाइपने गावात. वर पाणी चढवायला मोटार लागत नाही.

दार सी हमाद या तिथल्या संस्थेने हे काम हाती घेतले. तिचे तेव्हाचे अध्यक्ष ऐसा देरहम हे गणितज्ञ, तर सोबत काम करणाऱ्या जमीला बरगाश या मानववंशशास्त्रज्ञ. १२२५ मीटर उंचीच्या बूतमेझगिदा डोंगरावर जाळ्या उभ्या राहिल्या आणि २०१५ साली गावांत घरोघर नळाला पाणी आले. वाऱ्याने जाळ्या फाटायच्या, म्हणून पुढे रबराच्या ताणांवर बसवलेल्या मजबूत जाळ्या आणल्या.

यातली एक बाब मला फार मोलाची वाटते. पाणी आजवर बायकांच्या हातात होते. नळ आला की कारभार पुरुषांकडे जाईल, हे संस्थेने ओळखले. म्हणून पाण्याची खबर मोबाइलवरून कळवायचे काम बायकांनाच शिकवले. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी खुणा ठरवल्या. डोक्यावरचा भार उतरला, पण हातातला अधिकार गेला नाही.

आता दुसरी बाजूही ऐका. दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात चुंगुंगो नावाचे कोळ्यांचे गाव आहे. तिथे टँकरने पाणी यायचे. १९९२ साली एल तोफो डोंगरावरच्या जाळ्यांचे पाणी गावात आले. सुमारे शंभर जाळ्या, एकेक ४८ चौरस मीटरची. दर चौरस मीटरला दिवसाला सरासरी तीन लिटर धरा, म्हणजे रोजचे जवळजवळ १५ हजार लिटर! आपल्या शेडनेटसारखीच साधी जाळी ती. पण पुढे देखभालीकडे दुर्लक्ष झाले, जाळ्या फाटल्या, आणि दहा-बारा वर्षांत गाव पुन्हा टँकरवर आले. धुके आटले नव्हते बरं का! फाटलेली जाळी शिवायची कोणी, हे ठरले नव्हते.

कोणी विचारेल, मग आपल्या सह्याद्रीत का नाही? आपल्याकडे दाट धुके येते ते मुख्यतः पावसाळ्यात. खरी टंचाई चैत्र-वैशाखात. कोरड्या दिवसांत धुके, वारा आणि उंची एकत्र असतील तिथेच हे जमते. नुसती नक्कल करून भागत नाही.

पण दोन गोष्टी आपल्यालाही घेता येतील. ज्याच्या डोक्यावर भार, त्याच्या हाती कारभार हवा. आणि एकदा उभे केलेले काम रोज सांभाळावे लागते. उद्घाटनाला सगळे येतात; जाळी शिवायला कोण येतो, त्यावर गावाचे पाणी ठरते.